चार्जरची नोंद: १४.४ व्होल्ट, पण नेमके कुठे?

बाबांची गाडी दोन महिने पार्किंगमध्ये उभी होती. सेल्फ मारला की नुसतं टकटक. बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तासांची), वर पाणी भरायची झाकणं असलेली, टोकांवर जेमतेम ११.९ व्होल्ट. कुठेही चार्जिंगला टाकता आली असती, पण एलएम ३३८ हा व्होल्टेज ठरावीक राखणारा रेग्युलेटर आयसी वर्षभर माझ्या कपाटात पडून होता आणि चार्जर स्वतः बांधायचं कधीपासून मनात होतं. बॅटरी भरत आली की तिच्या टोकांवर १४.४ व्होल्ट हवेत. तीन आठवडे लागले. काल बॅटरी पहिल्यांदा पूर्ण भरली, म्हणून आज सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

ट्रान्सफॉर्मर

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन १५ व्होल्ट ५ अँपिअरचा मागितला. दुकानदार वयस्कर होते. म्हणाले, "पुढे रेग्युलेटर लावणार ना? मग पंधरा पुरायचा नाही. शून्य-पंधरा-अठरा न्या, दोन्ही टॅप हाताशी राहतील." घरी येऊन कागदावर मांडलं तर त्यांचं म्हणणं अगदी बरोबर निघालं. १५ व्होल्टचं शिखर २१.२. एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या ब्रिजमध्ये दोन व्होल्ट जातात, उरले १९.२. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ३ अँपिअर ओढले की दोन शिखरांच्या मध्ये साधारण २.४ व्होल्टची दरी पडते, म्हणजे तळाला १६.८. एलएम ३३८ ला आउटपुटच्या वर अडीच-तीन व्होल्ट तरी लागतात आणि मला हवेत १५ च्या आसपास (१४.४ आणि वाटेतली घट). जमणारच नाही. १८ च्या टॅपवर तळ २१ च्या जवळ राहतो, पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते: रिकाम्या बॅटरीवर सुरुवातीला आयसीमध्ये २२ ते २४ वॅट. मोठा हीटसिंक, आयसीखाली वीज अडवणारी मायकाची चकती, थर्मल पेस्ट आणि जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, यातलं काहीच टाळता आलं नाही. टीओ-३ प्रकारच्या आयसीची धातूची बॉडी म्हणजे आयसीचं आउटपुट, त्यामुळे मायकाशिवाय हीटसिंक डब्याला टेकवू नका.

ट्रान्सफॉर्मर ५ अँपिअरचा, मग चार्जर ३ चाच का, असं शेजारच्या काकांनी विचारलं. कपॅसिटर फक्त शिखरांवर भरतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मरमधून थोडा वेळ पण जोरदार करंट जातो. तार त्या झटक्यांनी तापते. म्हणून डीसी बाजूला ट्रान्सफॉर्मरच्या आकड्याच्या साठ टक्केच धरायचे. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या एक दशांश धरला तर ३५ एएचला साडेतीन अँपिअर, तेव्हा ३ मला पुरेसे वाटले.

पहिला सप्लाय १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये दिला, म्हणजे कुठे शॉर्ट असेल तर बल्बच पेटून राहील. बल्ब क्षणभर उजळून विझला. इथपर्यंत ठीक.

हरवलेले ०.६ व्होल्ट

माझा खरा आठवडा इथे गेला. करंट लिमिटसाठी मायनसच्या वाटेत ०.२२ ओम, ५ वॅटचा रेझिस्टर (सेन्स रेझिस्टर) आहे. त्यावर ०.६५ व्होल्ट पडले की बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर चालू होऊन एलएम ३३८ चा, आउटपुट ठरवणारा, अ‍ॅडजस्ट पाय खाली ओढतो. हिशेबाने २.९५ अँपिअर, प्रत्यक्षात २.९. उत्तम.

मग प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून बोर्डावर १४.४ लावले आणि बॅटरीच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला. बल्बच्या टोकांवर १३.८. बोर्डावर मात्र १४.४ जसेच्या तसे. मी आयसी बदलला, सोल्डर पुन्हा केलं, काही फरक नाही. शेवटी मल्टिमीटरची एक प्रोब बोर्डाच्या मायनसवर ठेवून दुसरी एकेक जोड पुढे सरकवत नेली. १.९ अँपिअरला ०.२२ ओमवर ०.४२ व्होल्ट, आणि क्लिपांपर्यंतच्या ०.७५ एमएमच्या वायरींमध्ये ०.१९. वायर दोन मीटर जायला, दोन मीटर यायला, एकूण जवळपास ०.१ ओम. सर्किट बिचारं बरोबर चाललं होतं. चुकीच्या जागेचं व्होल्टेज सांभाळायला मीच त्याला सांगितलं होतं.

बॅटरी भरत आली की करंट घटतो आणि हा फरकही आपोआप मिटतो. त्यामुळे बॅटरीचं नुकसान नाही, पण चार्जर वेळेआधीच हात आखडता घेतो आणि चार्जिंगचे तास वाढतात.

उपाय असा. आउटपुटचं व्होल्टेज दोन रेझिस्टरांची साखळी ठरवते. त्यातला वरचा, १२० ओमचा, आयसीच्या पायालगतच ठेवला. खालच्या रेझिस्टरचं (प्रीसेटचं) टोक मात्र बोर्डाच्या मायनसवरून काढून वेगळ्या बारीक वायरने थेट मायनसच्या क्लिपवर नेलं. आता सेन्स रेझिस्टर आणि मायनसची वायर दोन्ही हिशेबातून बाहेर. प्लसच्या बाजूला ही युक्ती चालत नाही, तिथे अडीच एमएमची जाड वायर टाकली. ही बारीक वायर कधी तुटली तर आउटपुट सरळ वीस व्होल्टच्या वर जाईल, म्हणून ती आणि बोर्डावरचं बॅटरी-मायनस यांच्यामध्ये १० ओम कायमचे जोडून ठेवलेत. तुटलीच तर फार तर ०.१ व्होल्ट वाढतील.

याच भीतीने ५०० ओमचा प्रीसेटही काढला. आता १.२ किलोओम आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० ओमचा मल्टिटर्न, म्हणजे अनेक फेऱ्यांचा प्रीसेट. कसाही फिरवा, १३.८ ते १४.८ च्या बाहेर जात नाही. माझ्या आयसीचा रेफरन्स (आउटपुट आणि अॅडजस्ट पायांमधलं ठरावीक व्होल्टेज) १.२५ च्या अगदी जवळ निघाला म्हणून हे आकडे जुळले. तो १.१९ ते १.२९ मध्ये कुठेही असू शकतो, तेव्हा आधी तुमचा मोजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा: क्लिपा एकमेकींना चिकटल्या तर बीसी ५४७ वाचवत नाही. आउटपुट तो सव्वा व्होल्टच्या खाली ओढू शकत नाही. ५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

गुरुवार

बॅटरी लावलेली असताना सकाळी वीज गेली, तरी डब्यावरचा हिरवा एलईडी तेवत होता. आयसी वाचवायला आउटपुटकडून इनपुटकडे डायोड आहे, त्यातून बॅटरीच एलईडीला पोसत होती. एलईडी ब्रिजच्या आधी, एसी बाजूला नेला. १२० ओमच्या साखळीतून १० मिलिअँपिअर तरीही जातात. दिवसाला पाव एएच, ते मी चालवून घेतो, पण वीज नसताना क्लिपा रात्रभर ठेवत नाही.

क्लिप लावताना त्याच डायोडमधून रिकामा कपॅसिटर भरतो आणि ठिणगी पडते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी पेट घेतो. म्हणून गाडीतच चार्ज करताना मायनसची क्लिप मी बॅटरीवर न लावता दूर, इंजिनच्या बोल्टवर लावतो.

काल

पार्किंगमध्ये दुपारी ३७ अंश होते. १४.४ हा आकडा २५ अंशांचा. दर अंशाला बारा व्होल्टच्या बॅटरीमागे साधारण वीस मिलिव्होल्ट कमी करायचे, म्हणून क्लिपवर मोजून १४.१५ लावले. सकाळी आठला २.९ अँपिअर, १२.६ व्होल्ट. हीटसिंक ७८ अंशांपर्यंत गेला. डबा तापला तसा करंट २.७ वर उतरला, कारण गरम बीसी ५४७ आधीच चालू होतो. चूक सुरक्षित दिशेला आहे, राहू दे. पावणेतीनच्या सुमारास १४.१५ गाठले, मग करंट उतरत रात्री नऊला ०.४.

रात्रभर सोडून आज सकाळी मोजले: १२.६४. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. बाबा गॅलरीतून बघत होते, लगेच चपला घालून खाली आले आणि कर्वे रस्त्यापर्यंत एक फेरी मारून आले.

हायड्रोमीटरने (अॅसिडची घनता मोजून) पाच सेल १.२५० च्या आसपास दाखवले, सहावा १.२१०, म्हणजे कमी भरलेला. पाण्याची पातळी सगळ्यांत सारखी आहे. थंडीत सकाळी १४.७ लागतील, त्यासाठी दुसरा प्रीसेट आणि टॉगल आणून ठेवलाय, पण आधी हा सहावा सेल. चार्जर आत्ता पुन्हा लावलाय, करंट ०.३ वर आहे. उद्या सकाळी परत मोजतो.