दवण्याचा वास आणि आईचा गुडघा

आईचा डावा गुडघा चार वर्षं दुखतोय. लालबागला चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे नुसतं दूध आणायला गेली तरी वर येताना दोनदा कठडा धरून थांबायची. एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तर एक्सरे बघून दोन मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या आणि लगेच पुढचा नंबर, आईचं बोलणं अर्धवटच राहिलं, ते मला फार लागलं.

मग शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून दादरला ॲक्युपंक्चरवाल्या मॅडमकडे नेलं. झोप लागते का, पोट साफ होतं का, शेक दिला की बरं वाटतं का, अर्धा तास नुसतं हेच. जीभ बघितली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, तर आई म्हणते, अगं आमच्या गावचे वैद्यपण अशीच बघायचे!

सुया केसाएवढ्या बारीक, सीलबंद पाकिटातल्या (हे बघून घ्याच, एकदा वापरलेली सुई परत नको). एक गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, जरा बाहेरच्या बाजूला. मग विडीसारखी एक जाड कांडी पेटवून त्वचेला न लावता वरूनच शेक दिला, तिला मोक्सा म्हणतात. धूर आला आणि आई एकदम उठायलाच बघायला लागली, "अगं, हा तर दवण्यासारखा वास!" आईचं माहेर कोल्हापूरकडचं, जोतिबाला दवणा वाहण्यात लहानपण गेलेलं. मॅडम म्हणाल्या बरोबर ओळखलंत, मोक्साची वनस्पती आणि दवणा एकाच कुळातले, दोन्ही आर्टेमिसिया.

घरी येऊन वाचत बसले. मलेरियावरचं आर्टेमिसिनिनपण ह्याच कुळातल्या झाडातून आलंय. तू योयो ह्या चिनी बाईंनी चौथ्या शतकातल्या ग्रंथात वाचलं की झाड पाण्यात भिजवून पिळून रस प्यायचा, उकळायचं नाही, म्हणजे जास्त उष्णतेने गुण जात असणार हे त्यांनी हेरलं, कमी तापमानाला अर्क काढला आणि आधी स्वतः घेऊन बघितला. 2015 चं नोबेल मिळालं. जुनं ज्ञान असं तपासून घेतलं तर केवढं सोनं हाती लागतं!

आठ सिटिंग झाली. बीपीची गोळी चालूच आहे, ती बंद करायची नाही असं मॅडमनीच बजावलंय, आणि मांडीचे व्यायाम दिलेत त्यांचाही गुण असणारच. आई आता एकदाच थांबते, दुसऱ्या मजल्यावर, तेही काकूंशी बोलायला.