कापसाच्या खोलीतला माइक

माझ्याकडे तीन माइक आहेत. त्यातले दोन म्हातारे दिसतात. प्रत्यक्षात दोघंही माझ्या मोटरसायकलपेक्षा वयाने लहान.

पहिला उभ्या पट्ट्यांचा, चकचकीत. शुअर कंपनीने 1939 साली युनिडाइन 55 काढला, पुढे एल्विस प्रेस्लीच्या फोटोंमुळे जगाला तो चेहरा पाठ झाला. माझा म्हणजे त्याची गरिबाघरची नक्कल. आत जीव ग्रामपंचायतीच्या माइकचाच. लग्नात निवेदन करणारी पोरं तो एका रात्रीपुरता मागून नेतात, मीही देतो. रेकॉर्डिंगला तो मी वापरत नाही.

दुसऱ्यावर मात्र माझा जीव आहे. तो रिबन माइक. आरसीए या अमेरिकन कंपनीचा 44 हा माइक 1930 नंतरच्या दशकात तिकडच्या रेडिओ स्टेशनांवर दिसू लागला. त्याच घाटाचा, मोठा, कोनाकोनांचा. आमच्या भजनी मंडळातल्या काकाजींनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "हे काय होय बाप्पा, कंदील होय का?"

कंदिलासारखंच आहे म्हणा. काचेच्या जागी जाळी आणि वातीच्या जागी ॲल्युमिनियमची फीत. लोहचुंबकाच्या दोन तोंडांमध्ये ती सैलसर ताणलेली असते, जाडी जेमतेम दोन मायक्रॉन. माणसाचा केस तिच्यापुढे नाडा वाटावा. आवाजाने हवा हलली की फीत हलते, ती हलली की किंचितशी वीज तयार होते. इतकी किंचित की ॲम्प्लिफायर भरपूर वाढवावा लागतो, आणि मग तीन वावरं पलीकडचा मोटारपंपही भजनात येऊन बसतो.

या माइकचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपली एक जुनी सवय. आपल्याकडे माइक दिसला की माणूस आधी फुंकतो. "फू, फू... हॅलो." भोंग्याच्या माइकने हे सगळं निमूट सोसलेलं आहे. माझ्या माइकची पहिली फीत मंडळातल्या एका उत्साही भाऊंच्या दुसऱ्या फुंकरीत गेली. ती नवी बसवून येईस्तोवर दोन महिने गेले. आता रेकॉर्डिंगच्या आधी मी चहा नंतर विचारतो, "फुंकायचं नाही" हे आधी सांगतो.

एवढा नाजूक नखरा कशाला सांभाळायचा? कारण बसण्याची रीत. हा माइक पुढून ऐकतो तितकंच मागून ऐकतो, आणि दोन्ही कुशींना जवळजवळ बहिरा असतो. स्टुडिओवाले याला आठाच्या आकड्याची चाल म्हणतात. आमचं मंडळ पिढ्यान् पिढ्या समोरासमोर दोन ओळींत बसतं. माइक मधोमध ठेवला की झालं: एका तोंडाला काकाजी आणि त्यांची खंजिरी, दुसऱ्या तोंडाला मागे म्हणणारे, आणि झांजवाल्याला कुशीच्या बाजूला. झांजेची कानात घुसणारी किनार ही फीत तशीही थोडी बोथट करते. आमच्याकडून वर्धा नदी ओलांडली की गुरुकुंज मोझरी. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा कान इथल्या पोरासोरांनाही आहे. खंजिरी पत्र्यासारखी वाजली तर लोक तोंडावर सांगतात.

याआधी मी माणसागणिक एक माइक देऊन पाहिलं होतं. प्रत्येकजण आपापल्या दांड्याकडे बघून गायला आणि भजन पार विस्कटलं. इथे तसं होत नाही. कुणाचा आवाज जास्त झाला तर त्याने वीतभर मागे सरकायचं. फार जवळ आलात तर हा माइक खर्ज इतका फुगवतो की अभंगाचा हंबरडा होतो.

आता कापूस. मागूनही ऐकणाऱ्या माइकला मागची भिंत नडते, तिचा घुमारा थेट फितीवर येतो. शहरात भिंतींना फोम लावतात. आमच्या मधल्या खोलीत यंदा भाव वाढेल या आशेने ठेवलेला पंधरा-वीस क्विंटल कापूस होता, छताला टेकेल असा. त्यात टाळी वाजवली तर ती जागच्या जागी मरायची. अडचण एकच, साठवलेल्या कापसाची खाज. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत नीट कान दिला तर पाठ खाजवल्याचा आवाज सापडतो. काढला नाही मी तो.

नऊ भजनं अशी झाली. भाव काही वाढला नाही, बाबांचा धीर सुटला आणि शनिवारी गाडी येऊन कापूस घेऊन गेली. दहावं भजन उघड्या खोलीत घ्यावं लागलं. भिंती बोलत होत्या, काकाजींची तान संपल्यावरही वर आढ्यापाशी थोडी रेंगाळायची. मला लाज वाटली. पुढच्या हंगामात पुन्हा घेऊ, असं म्हणतच मी त्यांना हेडफोन दिला.

काकाजींनी डोळे मिटून दहावं ऐकलं. मग पहिलं लावायला सांगितलं. मग पुन्हा दहावं.

"पुढच्या हंगामाची वाट कायले पायतं?" हेडफोन काढत ते म्हणाले. "थे पयले नऊ पुन्हा घे ना, खोली रिकामी हाय तवरच."