तुम्ही विचारलंत म्हणून: फोन असताना रोज थंडी कशाला मोजता?

निफाड तालुक्यात हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, फोनच पुढे करतो: "हे बघा, नऊ अंश." तो नऊ कुणी मोजलेला नसतो. काही किलोमीटरच्या चौकोनासाठी संगणकानं काढलेला तो अंदाज असतो, आणि त्याच चौकोनात कादवेकाठचा खोलगट मळाही येतो, माळावरची वस्तीही येते. वारा पडलेल्या निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उतारानं खाली येते आणि नदीकाठी साचते. माळ आणि मळा यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो, तो मोजलेला असतो, पण तो कुंदेवाडीचा असतो.

त्यासाठी मी पहाटे उठत नाही, हेही एकदाचं सांगतो. किमान तापमापक आडवा ठेवलेला असतो. त्यातल्या अल्कोहोलमध्ये काचेची बारीक काडी असते. थंडी वाढली की आक्रसणारं अल्कोहोल तिला मागे ओढतं, ऊब आली की तिला तिथंच सोडून पुढे सरकतं. म्हणून हवामान खात्याच्याच वेळेला, सकाळी साडेआठला वाचलं तरी पहाटेचा नीचांक जागेवर सापडतो. काडीचं फुग्यापासून, म्हणजे नळीच्या अल्कोहोल भरलेल्या फुगीर टोकापासून, लांबचं टोक वाचायचं, डोळा त्याच पातळीत ठेवून. आधी दशांश, मग पूर्ण अंश, कारण श्वासाची आणि अंगाची ऊब लगेच लागते. मग फुगा वर करून काडी पुन्हा अल्कोहोलच्या टोकाला आणायची.

ही काडी संध्याकाळी साडेपाचला पुन्हा जुळवावी लागते, आणि ते बहुतेक जण विसरतात. समजा, कडाक्याच्या सकाळी साडेआठला हवा ९ अंशांवर आहे आणि काडी तिथं जुळवली. रात्री ढग आले, पहाट १२ च्या खाली गेलीच नाही. तरी दुसऱ्या सकाळी काडी ९ च दाखवणार! एका थंडीची नोंद दोन दिवसांवर पडते आणि महिन्याची सरासरी खाली ओढली जाते.

अल्कोहोलचा दुसरा त्रास असा की ते उडून नळीच्या वरच्या टोकाला थेंबाथेंबानं साचतं. मूळ स्तंभ तेवढा आखूड होतो आणि आकडा खोटा खाली येतो. म्हणून रोज किमान तापमापकातल्या अल्कोहोलचं टोक शेजारच्या कोरड्या, म्हणजे त्या क्षणाची हवा दाखवणाऱ्या साध्या तापमापकाशी ताडून बघायचं. अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर फुगा खाली धरून जोरात झटके द्यायचे आणि काही तास उभा ठेवायचा. हे तापमापक ठेवायची पेटी पांढरी, दुहेरी झडपांची, दार उत्तरेला, तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांवर. गच्चीवर नको, काँक्रीट रात्रभर ऊब सोडतं.

आता त्या पत्राबद्दल, ज्यावरून गावात अजून बोललं जातं.

जानेवारीतल्या त्या सकाळी पेटीत ४.२ होतं आणि गवतावरच्या तापमापकात उणे ०.४. दहिवर गोठलं होतं, द्राक्षबागांची शेंड्याकडची पानं करपली होती. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर ठरते, आणि ते केंद्र उंचावर आहे. हरकतीला जोडायला बागाईतदारांना माझं पत्र हवं होतं: गावात तापमान शून्याखाली गेलं. खोटं कुणीच मागत नव्हतं. "तात्या, आकडा तुमचा, वही तुमची, मग सही करायला काय जातं?" मी म्हटलं, "गवतावर" हा शब्द घालून लिहितो. तो शब्द त्यांना नको होता. त्या शब्दानं पत्राचा उपयोग संपत होता, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

गवतावरचा तापमापक जमिनीपासून एक-दोन इंचांवर, उघड्या आभाळाखाली असतो. रात्री त्याची ऊब थेट आभाळाकडे निघून जाते. पेटीतल्या तापमापकावर छप्पर असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठतं तेव्हाही हवा बऱ्याचदा शून्याच्या बरीच वर असते. विम्याचा निकष पेटीतल्या हवेसाठी आहे. त्याच्यासमोर गवताचा आकडा ठेवणं म्हणजे शेराच्या भावात किलो मोजून देणं. मी सही केली नाही. ज्यांच्या बागा गेल्या त्यांतले दोघं आजही माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा मी ठासून सांगितलं होतं की पेटीतलं तापमान हेच खरं तापमान. आज तसं म्हणवत नाही. द्राक्षाचे घड पानांखाली, साधारण पेटीच्याच उंचीवर लटकतात. पण मांडवावरची वरची पानं उघडी असतात, ती गवतासारखीच गार पडतात. म्हणजे पेटीचा आकडा पानांना लागू नाही, गवताचा घडांना नाही. माझ्या वहीत दोन रकाने आहेत आणि बागेचं खरं तापमान दोन्हींत नाही. मग मी जपत होतो तो काटेकोरपणा नेमका कुणाच्या कामाचा? चाळीस-पन्नास वर्षांनी थंडी कमी झाली की वाढली हे बघणाऱ्याच्या कामाचा आहे, हे नक्की. त्या सकाळच्या शेतकऱ्याच्या कामाचा होता का, याचं उत्तर मला देता येत नाही. सही मात्र मी आजही करणार नाही. दोन्ही आकडे, दोन्ही उंची आणि वेळ लिहून हवी असेल तर आत्ता देतो.

मांडवाच्या वरच्या पानांत तिसरा तापमापक बांधायचा विचार आहे. त्याची प्रमाण उंची ठरलेली नाही, दुसऱ्या गावाशी तुलना होणार नाही, विम्यालाही चालणार नाही. तरी कादवेकाठी कुणी बाग देणार असेल तर सांगा. डिसेंबरच्या आत बांधायला हवा, आणि साडेआठ-साडेपाचला तो वाचायला घरातलं कुणीतरी रोज लागेल.