उन्हात राहूनही व्हिटॅमिन डी कमी?

"आमी तं दिवसभर उन्हातच राह्यतो, मंग हे कमी कसं झालं?" रिपोर्ट हातात धरून कापूस वेचणाऱ्या एका बाईंनी आज विचारलं. रक्तातल्या डीचा आकडा होता ११ नॅनोग्रॅम प्रति मिली; २० च्या खाली म्हणजे कमतरता.

उत्तर त्यांच्या अंगावरच होतं. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, डोक्याला-तोंडाला दुपट्टा. उघडे काय, तर डोळे आणि बोटं! डी तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण थेट कातडीवर पडावे लागतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा ते पुरेसे मिळतात. सकाळी सातचं कोवळं ऊन छान वाटतं, पण या कामाचं नाही. हिवाळ्यात अकरानंतर हात-पाय उघडे ठेवून अर्धा तास बसा. सावळ्या कातडीला वेळ जास्तच लागतो. मे महिन्यात मात्र भर दुपारी हा प्रयोग नको, ऊन लागेल.

डीचा प्रतिकारशक्तीशीही संबंध आहे. पांढऱ्या पेशी डी वापरून जंतू मारणारं कॅथेलिसिडिन बनवतात. पण डी भरपूर घेतलं की सर्दी-ताप येतच नाही, हे मेडिकलवाल्याचं बोलणं झालं.

६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, डॉक्टरांनी सांगितली तरच. जेवणानंतर दुधातून घ्यावी, कारण डी स्निग्धात विरघळतं. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं: उलट्या, सतत तहान, शेवटी किडनीवर ताण.

तुमच्या घरी कोणी ती रोज तर घेत नाही ना?