निळी प्लेट

एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी इनक्युबेटरमधून जंतू वाढवलेली एक प्लेट काढून हातात दिली आणि म्हणाल्या, आधी नुसता वास घे. झाकण जरासं उचललं तर चक्क पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास! कॉलन्या राखाडी, पावडर भुरभुरल्यासारख्या, तारेच्या लूपनं उचलायला गेलं तर निघेचनात, आगरला (जंतू ज्या जेलीवर वाढवतात तिला) अशा घट्ट चिकटलेल्या. आणि खालून बघितलं तर अख्खं आगर निळं. स्ट्रेप्टोमायसिस सीलीकलर, नावाचा अर्थच आकाशाच्या रंगाचा. त्या दिवसापासून मी या बॅक्टेरियाच्या आणि त्याच्यावर आयुष्य घालवलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड हॉपवूड यांच्या प्रेमात आहे, आज त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

हॉपवूडनी 1954 मध्ये केंब्रिजला पीएचडी सुरू केली तेव्हा या जातीला बॅक्टेरिया म्हणायचं की बुरशी याचाच घोळ होता. याच्याच एका भाईबंदापासून मिळालेलं स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक येऊन दहा वर्षं झालेली, सगळ्या कंपन्या गावोगावची माती गोळा करून नवीन अँटिबायोटिक शोधत होत्या (आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही पुढे हॅमायसिन सापडलं, ते बनवणाऱ्या जंतूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना). पण हे जंतू औषध बनवतात तरी कसं, त्यांचे जीन कुठे कसे बसलेत, हे कोणी विचारतच नव्हतं. हॉपवूडनी तेच विचारलं, आणि त्यासाठी जो जंतू धरला त्याचा औषध म्हणून तेव्हा काडीचा उपयोग नव्हता. तो फक्त सुंदर निळा होता. मला हे फार आवडतं.

आणि तो रंगच कामाला आला ना! निळा पदार्थ म्हणजे अ‍ॅक्टिनोऱ्होडिन, तेही एक अँटिबायोटिकच, आम्लात लाल, अल्कलीत निळा. आमच्या लॅबमध्ये प्लेट अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर उलटी धरायचो, लाल कॉलनी डोळ्यांदेखत निळी व्हायची. म्हणजे कुठला म्युटंट (जीनमध्ये बदल झालेला जंतू) बिघडलाय हे बघायला मशीन नको, डोळे पुरतात. 1979 ला हॉपवूड आणि रुड यांनी निळा रंग न बनवणारे 76 म्युटंट घेतले आणि जोड्या करून शेजारी शेजारी वाढवले. काही जोड्यांत एकाचं अर्धवट झालेलं काम दुसऱ्याकडे झिरपायचं आणि तो ते पुरं करायचा, की निळा रंग उमटलाच. पोळ्यांसारखं आहे हे, एकीला नुसती कणीक मळता येते, दुसरीला मळता येत नाही पण लाटून भाजता येतं, शेजारी बसवल्या की पोळी तयार. कोण कोणाचं काम पुरं करतं यावरून सात गट पडले, आणि कुठली पायरी आधी कुठली नंतर तेही बरंचसं कळलं. डीएनए सिक्वेन्सिंग नाही काही नाही, फक्त प्लेटा!

नंतर इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स इन्स्टिट्यूटमध्ये (आताचं जॉन इन्स सेंटर) मालपार्टिडा आणि हॉपवूडनी 1984 मध्ये या अँटिबायोटिकचे सगळेच्या सगळे जीन एकत्र क्लोन केले, म्हणजे वेगळे काढून त्यांच्या प्रती बनवल्या. ते एकाच पट्ट्यात शेजारी बसलेले निघाले, म्हणून तो पट्टा उचलून दुसऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये घालता आला आणि ज्यानं आयुष्यात निळं कधी बनवलं नव्हतं तो निळा झाला. पुढच्याच वर्षी जपानच्या सातोशी ओमुरांबरोबर (2015 चं नोबेल मिळालं ते हेच) यातले जीन मेडरमायसिन नावाचं दुसरं अँटिबायोटिक बनवणाऱ्या जंतूत घातले तर मेडरऱ्होडिन मिळालं, जीन इकडून तिकडे नेऊन बनवलेलं पहिलं हायब्रिड, म्हणजे मिश्र, अँटिबायोटिक. हे वाचताना मला अजूनही काटा येतो अंगावर.

2002 मध्ये सीलीकलरचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला. 7,825 जीन, आणि असे पदार्थ बनवणारे 20 च्या वर पट्टे! इतक्या वर्षांत त्यातले मोजकेच पदार्थ हाती लागले होते, हा निळा, दुसरा एक लाल आणि आणखी एकदोन. बाकीचे प्लेटवर गप्प बसलेले. पुढच्याच वर्षी त्या मातीच्या वासाचा, जिओस्मिनचा जीनही सापडला, तो काढला की वास गायब. आणि 2012 ला जॉन इन्समध्येच एका गप्प पट्ट्यातून सीलीमायसिन निघालं, पिवळ्या रंगाचं. ज्या जंतूला पन्नास वर्षं सगळे निळा निळा म्हणत होते त्याच्या पोटात पिवळाही होता.

मी तो पिवळा अजून स्वतःच्या प्लेटवर बघितलेला नाही.