मापात नसलेला नकाशा : आर्ट थेरपीचा माझा अनुभव

बांधकामाचे नकाशे काढण्यात माझी 26 वर्षे गेली. सुरुवातीची काही ट्रेसिंग पेपरवर, पुढची सगळी ऑटोकॅडवर. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांनी मला आर्ट थेरपी, म्हणजे चित्र किंवा मातीकामाच्या आधाराने होणारा मनाचा उपचार, सुचवली तेव्हा, रेषेशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला चित्र काढून वेगळे काय मिळणार, असेच मला वाटले होते.

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे वडील, अण्णा, पुण्यातल्या एका रुग्णालयात वारले. अकरा दिवस ते आत होते आणि मी फाटकाबाहेर. नातेवाइकांना वॉर्डात प्रवेश नव्हता आणि अंत्यदर्शनही लांबूनच झाले. पुढे दीड वर्ष मला सलग झोप लागली नाही, आणि ज्या कामात कधी चूक झाली नव्हती तिथे जिन्याच्या पायऱ्यांचा हिशेब चुकू लागला. गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरकही पडला. परंतु डॉक्टरांसमोर बसलो की "ठीक आहे" यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

योग्य ठिकाणी पोहोचण्याआधी मी एका चुकीच्या ठिकाणी जाऊन आलो, तेही सांगितले पाहिजे. रविवारच्या एका कार्यशाळेत मी काळ्या पेनाने काही आकृत्या काढल्या होत्या. घेणाऱ्या बाईंनी तो कागद उचलून सगळ्यांना दाखवला आणि काळा रंग म्हणजे वडिलांविषयीचा दाबलेला राग, असे जाहीर केले. मला ते फार लागले. काळी शाई मी जन्मभर वापरत आलो आहे, एवढे साधे कारणही कोणी विचारले नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्या व्यक्तीला 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव कायद्याने लावता येत नाही. आपल्याकडे मात्र समोरच्या माणसाचे प्रशिक्षण कुठे आणि किती झाले, हे आपणच विचारून घेतलेले बरे.

ज्यांच्याकडे मी नंतर 14 आठवडे गेलो, त्या मॅडमनी पहिल्या भेटीत कागद काढलाच नाही. दर बुधवारी 50 मिनिटे, चित्रे माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये त्यांच्या कपाटात राहतील, माझ्या परवानगीवाचून ती कोणी पाहणार नाही, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत, असे सगळे त्यांनी आधी नीट सांगितले. मी विचारले, "चित्र पाहून तुम्हाला माझ्याबद्दल काय कळणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तेवढंच. मला काही दिसलं तर मी विचारीन, ठरवणार नाही."

टेबलावर जलरंग, कोळसा, तेलकट खडू, शाडूची माती असे सगळे मांडलेले असे. मी 2एच पेन्सिल आणि पट्टी उचलली आणि वाईजवळच्या आमच्या गावच्या घराचा नकाशा काढायला घेतला : ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसू, सगळे मापात. तीन भेटी यातच गेल्या. मॅडमनी पट्टी बाजूला ठेवायला एकदाही सांगितले नाही. त्याचे कारण मला पुढे उमगले. प्रत्येक साधनाचा आपला स्वभाव असतो; पेन्सिल आणि पट्टी माणसाला धरून ठेवतात, जलरंग त्याला वाहवत नेतात आणि माती तर हातालाच चिकटते. ज्याची झोप उडालेली आहे त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी पाण्याने भरलेला ब्रश ठेवला, तर 50 मिनिटांत आवरता येणार नाही असे काही वर येऊ शकते. कोणत्या माणसाला कोणते साधन कधी द्यायचे, हा निर्णय कलेच्या जाणकारीतूनही येतो आणि उपचाराच्या जाणकारीतूनही. या दोन्हींचा सांधा मला पहिल्यांदा तिथे दिसला.

पाचव्या भेटीत मी आपण होऊन रुग्णालयाचा नकाशा काढायला घेतला आणि अडलो. आत गेलोच नव्हतो, तर मापे कुठून आणणार? वीस मिनिटे कागद कोरा राहिला. तेव्हा मॅडम एवढेच म्हणाल्या, "जे माहीत आहे तेवढंच काढा." मी फाटक काढले, रखवालदाराची खुर्ची काढली, आणि रोज आत पाठवत होतो ती कापडी पिशवी काढली. तिच्यात स्टीलचा डबा, पंचा आणि चष्म्याचे घर असे. वर चिकटपट्टीवर अण्णांचे नाव. शेवटी ती पिशवी परत आली तेव्हा चष्म्याचे घर रिकामे होते. दीड वर्षात ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. ती मी त्या दिवशी बोललो, तीही मॅडमकडे न पाहता, कागदाकडे पाहून. आमच्या दोघांमध्ये तिसरा म्हणून तो कागद नसता, तर ते वाक्य निघाले नसते.

मग मी शाडूचा चष्मा करायला बसलो. काड्या सारख्या मोडत होत्या. दोन बुधवार त्यात गेले आणि मी चिडलो. मॅडमनी माती थोडी घट्ट करायला शिकवले, पण स्वतः हात लावला नाही. तिसऱ्या बुधवारी काड्या मिटून काचांमागे टेकवल्या तशा त्या टिकल्या. अण्णा रात्री चष्मा असाच मिटून उशाशी ठेवत. त्या मिटलेल्या चष्म्याकडे पाहताना मी जो रडलो, तसा स्मशानातही रडलो नव्हतो. बऱ्याच वेळाने मॅडमनी विचारले, "हा आता कुठे ठेवायचा?"

या विषयावर मी नंतर थोडे वाचले. एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने 1938 मध्ये क्षयाने आजारी असताना सॅनिटोरियममध्ये चित्रे काढून स्वतःला सावरले आणि 1942 मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द रूढ केला. पुढे अमेरिकेत मार्गारेट नौमबर्ग यांनी चित्राकडे मनाची भाषा म्हणून पाहिले, तर एडिथ क्रेमर यांनी घडवण्याची क्रियाच माणसाला सावरते यावर भर दिला. माझ्यापुरते सांगायचे तर पिशवीच्या चित्राने मला बोलते केले आणि मातीच्या काडीने न बोलता काम केले; दोन्हींची मला गरज होती.

शेवटच्या भेटीत आम्ही फोल्डरमधले सगळे कागद क्रमाने जमिनीवर मांडले. रुग्णालयाच्या नकाशात आतली जागा अजून कोरी होती. तिथे मी अंदाजाने एक कॉट काढली, उशाशी चष्मा काढला आणि सवयीने उजव्या कोपऱ्यात चौकट आखली. नाव लिहिले, तारीख लिहिली. प्रमाणाच्या रकान्यात, मापात नसलेल्या नकाशावर आम्ही ड्राफ्ट्समन लिहितो तसे, 'एन.टी.एस.' लिहिले आणि तो कागद घरी घेऊन आलो.