अबोली माळलेली विधवा

शनिवार, रात्र

कादंबरी संपवली एकदाची. शेवटी शेवटी तर पुढे काय होतं म्हणून नव्हे, पुस्तक परत करायची तारीख आली म्हणून वाचत होते.

काळ १८५३. गोव्यातल्या म्हार्दोळची तरुण ब्राह्मण विधवा आणि पोर्तुगीज फौजेतला तेनेंत, म्हणजे लेफ्टनंट. मागच्या पानावर एवढं वाचलं आणि पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत उभ्या उभ्या पिशवीत टाकली. म्हार्दोळ म्हणजे आम्हा फोंड्याच्या माणसांना घरचं अंगण. पावसाचे दिवस, वीज येते-जाते, असल्या वेळी अशी गोष्ट हाताशी असावी यापरतं सुख नाही.

तिसऱ्या प्रकरणात बाई केसांत अबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळून खिडकीत बसते.

माझं वाचन तिथेच अडखळलं. तिच्या डोक्यावर केस आहेत, ते सोडून देऊ. घरच्यांनी दया दाखवली असेल. पण फुलं? १८५३ साली, देवळाच्या सावलीतल्या ब्राह्मण घरात, विधवेच्या केसांत अबोली? आणि कोणी काही म्हणत नाही! सासू बाजूला बसून तांदूळ निवडते आहे. लेखिकेला तो फक्त रंग हवा होता, नऊवारीवर शोभणारा. बाईनं काहीतरी भयंकर केलं आहे, हे पुस्तकात कोणालाच कळलेलं नाही, खुद्द बाईलाही नाही.

त्या एका फातीवर अख्खी कादंबरी उभी राहिली असती. फुलं तोडली कोणी, ओवली कुठे, किती वेळ माळली, जावेनं पाहिलं का, पाहून गप्प राहिली तर त्या गप्प राहण्याची किंमत काय मागितली?

आजी तिच्या एका आत्याची गोष्ट सांगायची. लहानपणीच विधवा झालेली. परसातली जाई तीच लावायची, कळ्या तीच काढायची, फात्या तीच ओवायची. पहिली देवाला, मग घरातल्या सवाष्णींना. स्वतःला कधीच नाही. ऐकताना डोळ्यांत पाणी यायचं, तोवर आजी पुढचं सांगायची: ज्या सुनेशी तिचं वाकडं होतं, तिच्यापर्यंत फुलं कधी पोचायचीच नाहीत. “आज कळ्या कमी पडल्या गो.” वर्षानुवर्षं कमी पडत राहिल्या. मला त्या आत्याची कादंबरी हवी आहे. सगळं हिरावून घेतल्यावरही घरातल्या बायकांच्या अंबाड्यांवर राज्य करणारी. भली नव्हती ती फारशी, पण तिच्या काळात घट्ट रुतलेली होती.

आमची ही नायिका मात्र तेनेंतला सांगते, “मला आधी स्वतःला समजून घ्यायचं आहे.” तो म्हणतो, “मी तुझ्या निर्णयाचा आदर करतो.” कुठल्या भाषेत म्हणतो कोण जाणे, कारण तिला पोर्तुगीज येत नाही आणि त्याला कोकणी शिकताना आपण कुठेच पाहत नाही. दोघं इतकी समजूतदार की त्यांच्यात भांडायला विषयच उरत नाही. मग दोनशे पानं वाऱ्यावर उडणारे पडदे.

आणि हा गडी फौजेतला ना? १८५२ मध्ये शेजारच्या सत्तरीत दिपाजी राण्यांनी बंड केलं, नाणूसचा किल्ला घेतला. १८५५ पर्यंत ते धुमसत होतं. फोंड्याच्या मुलखातला पोर्तुगीज अधिकारी तेव्हा झोप तरी घेत असेल का? इथे तो रोज संध्याकाळी तळ्याकाठी कविता म्हणतो. प्रेमकथेला जे भय, जे वैर लागतं, ते इतिहासानं आयतं ताटात वाढलं होतं. ताट बाजूला सारून लेखिकाबाई उपाशी उठल्या.

रविवार

भाचीला फोनवर हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, “मावशी, तू मजेसाठी वाचतेस की पेपर तपासायला?” तिला इंग्रजी रीजन्सी रोमान्सचा नाद. ड्यूक, बग्गी, मेणबत्त्यांची झुंबरं. तिचं म्हणणं असं की खऱ्या इतिहासात बायकांच्या वाट्याला फक्त रडणंच आलं. मग खोट्या इतिहासात तरी आम्हाला थोडं हसू दे.

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. शिवाय आजचं मन कालच्या कपड्यांत घालायची खोड जुनी आहे. १८७१ च्या ‘मोचनगड’पासून मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या येत आहेत आणि पुढच्या कितीतरी शिवकालीन नायकांच्या तोंडी लेखकाच्याच काळातली देशभक्ती आहे. तेव्हा आधुनिकपणाचं सोवळं मला नाही. पात्रांनी बखरीच्या भाषेत बोलावं असंही नाही, मीच दोन पानांत झोपेन. बटाटा, चहा, फेरीबोटीचा भोंगा, हे सगळं मी पोटात घालते. (१८५३ साली भोंगा! आमच्याकडे पेट्रोलच्या होडीला गाझोलिन म्हणायचे तो काळही कितीतरी पुढचा. पण घातला पोटात.)

पण भाचीनंच दिलेलं मागचं पुस्तक आठवलं. १८१५ चं लंडन, नायिकेचं स्वतःचं टोप्यांचं दुकान. शेवटी ड्यूकशी लग्न, आणि दुकान मी चालवणारच, असं ती ठणकावते. तो हसून मान डोलावतो. टाळ्या. अगं, पण त्या काळच्या इंग्लंडात लग्न लागलं की बायकोची कमाई, गल्ला, टोप्या, सगळं कायद्यानं नवऱ्याचं. स्वतःच्या कमाईवर बायकोचा हक्क मानायला १८७० उजाडलं, बाकी मालमत्तेसाठी १८८२. चुकलं तर सुटकाही नाही. १८५७ पर्यंत पुरता घटस्फोट हवा तर पार्लमेंटात खास कायदा करून घ्यावा लागायचा. म्हणजे ही बाई ‘हो’ म्हणते तेव्हा स्वतःच्या हातानं बांधलेलं दुकान एका माणसाच्या शब्दावर सोडून देते आहे. तो शब्द पाळेल का? याहून जीव टांगणीला लावणारी प्रेमकथा कोणती? पण लेखिकेनं तो कायदाच पुस्तकात येऊ दिला नाही, नायिकेला त्रास होईल म्हणून. त्रास वाचला, पण त्या ‘हो’चं वजनही गेलं.

जेन ऑस्टिन त्याच काळात, तिथेच बसून लिहीत होती. १८११ च्या तिच्या पहिल्या पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, नुसतं ‘एका बाईने लिहिलेलं’. तिच्या नायिका हसतात की! घर जाणार, पैसा नाही, हे ठाऊक असूनही हसतात. भाचीला हे सांगायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे.

आमच्या तेनेंतच्या लग्नाचंही तसंच. शेवटच्या प्रकरणात ती किरिस्ताव होते, एका परिच्छेदात. आईबाप आशीर्वाद देतात. माझा संताप खरा इथे झाला. ज्या गावची म्हाळसा देवीच मुळात वेर्ण्याहून बाटवाबाटवीच्या भयानं नदी ओलांडून आणलेली, त्या गावातली लेक बाप्तिस्मा घेते आणि घरी गोड जेवण? देव घेऊन पळालेल्यांच्या आठवणी होत्या ना घराघरांत. आणि नदीपलीकडे राहिलेले, धर्म बदललेले नातेवाईकही होते. त्यांच्याविषयी राग, माया, संशय, सगळं एकत्र नांदत असणार. लेक परत भेटायला आली तर तिला बसवायचं कुठे? ओटीवर की बाहेर? पाणी कोणत्या भांड्यातून? आईनं ते भांडं मग कुठे ठेवलं? प्रेमासाठी तिनं काय सोडलं हे मला त्या भांड्यावरून कळलं असतं. लग्नाच्या रात्रीचं वर्णन मात्र सात पानं. चांगलं आहे, नाही म्हणत नाही.

मंगळवार

पुस्तक परत केलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, बरं झालं आणलंत, यासाठी माणसं नंबर लावून बसली आहेत. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीनं तिथेच घेतलं, मुखपृष्ठावरच्या अबोलीवरून बोट फिरवत. काहीतरी बोलावंसं वाटलं. नाही बोलले.

दुसरा भाग येतो आहे म्हणे. त्यात दोघं लिस्बनला जातात. सुवेझचा कालवा १८६९ चा. म्हणजे जहाजानं जायचं तर आफ्रिकेला वळसा, महिनोन् महिने. खोली एवढीशी, अन्न परकं, तिला समुद्र लागणार, त्याला जहाजावर ओळखीचे लोक भेटणार आणि ते तिच्याकडे बघणार. आता तरी भांडतील. मीही नाव घालून आले आहे.